पाटणकर बाईंनी न दाखवलेली गोष्ट

लग्नाची पत्रिका हातात पडली की पाटणकर बाई आधी पर्समधून पेन्सिल काढायच्या. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून सुरुवात करून त्या एकेक शब्द खोडत जायच्या. शेवटी वधूवरांची नावं, तारीख, वेळ आणि गाव एवढंच शिल्लक राही. ती पत्रिका टेबलावर सरळ ठेवून, ती आणणाऱ्याच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे न बघता म्हणायच्या, “हं. आता कळलं. येते मी.” आणि खरोखर जायच्या. आहेर चांगला द्यायच्या, पंगतीत सावकाश जेवायच्या. कुणाचा अपमान करायचा त्यांच्या मनातही नसे. जास्तीचा शब्द त्यांना चपलेतल्या खड्यासारखा टोचायचा, एवढंच.

मी शहापूरला शाळेत लागले तेव्हा त्या तिथे मराठी शिकवत होत्या. त्यांचे यजमान धरणावर इंजिनियर होते, त्यामुळे बिऱ्हाड भातसानगरच्या कॉलनीत. रोज सकाळी कॉलनीतून येणाऱ्या गाडीतून उतरायच्या, हातात एक छत्री आणि एक पिशवी. उंच, सावळ्या, कपाळाला बारीक टिकली. मीही मराठीच शिकवायची, पण मुरबाडकडच्या खेड्यातून आलेली. घरात आमचं ‘नाय’ आणि ‘व्हतं’, आणि वर्गात पुस्तकी भाषा, त्यामुळे बोलताना जीभ जरा सांभाळूनच असायची. बाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, “घरी असंच बोलतेस?” मी लाजून नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, “मग आपण दोघीच असू तेव्हा घरच्यासारखं बोल. मला ऐकायला आवडतं.” असं कुणी मला आधी म्हटलं नव्हतं. मी त्यांची झाले ती तेव्हापासून.

आमच्या शाळेचा बाळूमामा शिपाई गेला तेव्हाची गोष्ट सांगते. मुख्याध्यापकांनी फळ्यावर लिहायला मोठा मजकूर करून दिला होता. शाळेचा आधारवड, काळाचा घाला, कधीही न भरून येणारी पोकळी, सगळं त्यात होतं. बाईंनी तो कागद वाचला, घडी करून पिशवीत ठेवला आणि फळ्यावर स्वतःच्या मनानं लिहिलं, ‘बाळूमामा काल वारले. आजची घंटा जाधव सरांनी दिली.’ मुलं रांगेनं वाचून पुढे जात होती, आणि तिसऱ्या-चौथ्या मुलीनं एकदम तोंडाला रुमाल लावला. मुख्याध्यापक चिडले होते, पण त्यांनीही ते पुसायला सांगितलं नाही. मी बाईंना विचारलं, हे तुम्हाला कसं जमतं? तर म्हणाल्या, “रडायचं काम वाचणाऱ्याचं. लिहिणाऱ्यानं ते करून टाकलं तर त्याला काय उरलं?”

त्या गोष्टी लिहितात हे मला पुष्कळ उशिरा कळलं. कळलं तेव्हा त्यांनी मला एक गोष्ट वाचायला दिली, शाळेच्याच पाठकोऱ्या कागदांवर लिहिलेली. सेवानिवृत्त झालेला एक मास्तर दुसऱ्या दिवशी सवयीनं शाळेत येतो. त्याच्या खुर्चीत नवा मास्तर बसलेला असतो. “काय हवं होतं, गुरुजी?” “माझी छत्री राहिली वाटतं.” दोघं मिळून छत्री शोधतात, ती सापडत नाही, आणि मास्तर घरी जातो. घरी दाराआड छत्री टांगलेली असते. गोष्ट संपली. मी ती एसटीत वाचली आणि माझा थांबा चुकला.

त्यानंतर त्यांची प्रत्येक गोष्ट माझ्या हातात आधी यायची. स्टाफरूममध्ये कुणी नसलं की आम्ही दोघी एका कागदावर वाकायचो. एका शब्दावर बोट ठेवून त्या विचारायच्या, “याचं इथं काय काम?” मला उत्तर देता आलं तर शब्द राहायचा, नाही आलं तर जायचा. धरणावर पाण्याची पातळी मोजणारा माणूस घरी येतो आणि बायको जपून ठेवलेल्या बादलीतलं तांब्याभर पाणी त्याच्या हातावर घालते, अशी एक गोष्ट होती. तिच्यात त्यांनी ‘टंचाई’ हा शब्दसुद्धा ठेवला नाही. “कळतं की,” म्हणाल्या. खरंच कळत होतं. त्या सगळ्या गोष्टी उदास होत्या, पण उदासपणाचा गाजावाजा कुठेच नव्हता. भांडं घासून पालथं घालावं तशा त्या संपायच्या.

त्यांचं एक वागणं मला तेव्हा गुण वाटायचं. समोरचा बोलून थांबला तरी त्या लगेच बोलायच्या नाहीत. नुसत्या बघत राहायच्या. त्या गप्प बसण्यात काहीतरी असं होतं की समोरच्याला आणखी थोडं सांगावंसं वाटे, आणि मग ते थोडं पुष्कळ होई.

त्या आमच्या गावीही यायला लागल्या. भात निघून गेलं की आमच्याकडे शेतात वाल करतात. शेंगा भरल्या की मी त्यांना घेऊन जायची. सापगावच्या पुलावरून मुरबाडच्या बाजूला जाणाऱ्या गाडीत त्या खिडकीशी बसायच्या आणि मुक्कामापर्यंत अवाक्षर काढायच्या नाहीत. घरी माझी आई आणि मोठी बहीण सुमन होती. सुमनला आम्ही ताई म्हणायचो. ताईचं लग्न झालेलं, पण वडील गेल्यावर आई आणि शेत बघायला ती आमच्याकडेच राहायची. भावजी कल्याणला कंपनीत होते. खोली लहान, पाळी बदलती, तेव्हा तूर्त असंच चालू दे, असं ठरलेलं. मूलबाळ नव्हतं. दर शनिवारी ताई सकाळची गाडी धरून कल्याणला जायची. मोरपंखी साडी, कडीच्या डब्यात वालाची उसळ आणि भाकऱ्या. मी आठवडाभर शहापूरला राहायची, शनिवारी शाळा अर्धी असल्यानं दुपारून गावी पोचायची, आणि दिवेलागणीच्या आत ताई परत यायची.

मग आमचा शनिवार सुरू व्हायचा. ताई ओट्यावर पाय सोडून बसायची आणि भावजींचं सगळं सांगायची. त्यांचा साहेब कसा तोतरा बोलतो, शेजारचा मद्रासी कसा भात कालवतो, भावजींनी उसळ खाऊन बोटं कशी चाटली. साहेबाची नक्कल तर अशी करायची की आई हसता हसता खोकायला लागे. “आनि त्यांचा खोकला गो?” आई विचारी. “हाय अजून. पन कमी हाय,” ताई म्हणे. पिशवीतून आईसाठी बिस्किटं निघत, माझ्यासाठी कधी पिना. “त्यांनी दिल्यात.”

बाईंना ताई फार आवडली. ओट्यावर दोघी वाल सोलत बसायच्या. मी आत स्वयंपाकात असायची, बाहेरून ताईचा आवाज यायचा, कधी मोठा, कधी अगदी खाली गेलेला. दोघींचं जमलं म्हणून मला बरंच वाटायचं. परतीच्या गाडीत बाई म्हणाल्या होत्या, “तुझी बहीण तुझ्यापेक्षा चांगलं सांगते.” मला तेही बरं वाटलं.

पुढे बाईंचं पुस्तक निघालं. नाव होतं ‘पलीकडचं पाणी’. शहापुरातल्या वाचनालयानं आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये रविवारी प्रकाशन ठेवलं. ठाण्याहून एक नामवंत पाहुणे आले होते, आणि पुस्तकावर मी बोलायचं होतं. बाईंनीच सुचवलं होतं, “तीच बोलू दे. तिला सगळं माहीत आहे.” ताई मुद्दाम गावाहून आली. धाकटी बहीण स्टेजवर बसणार याचं तिला कोण कौतुक! मोरपंखी साडी नेसून ती दुसऱ्या रांगेत बसली होती.

पाहुण्यांचं भाषण लांबलं. माझं भाषण तयार होतं, कारण सगळ्या गोष्टी मला पाठच होत्या. सहज म्हणून मी हातातलं कोरं पुस्तक चाळलं. अनुक्रमणिकेत शेवटी एक नाव होतं, ‘शनिवार’. ही गोष्ट मी पाहिली नव्हती. वाटलं, मला चकित करायला ठेवली असेल. मी हसले आणि ते पान काढलं.

गोष्ट चारच पानांची होती. एक बाई एसटीतून उतरते, मोरपंखी साडीच्या निऱ्या सारख्या करते, हातात कडीचा डबा. नवऱ्याच्या खोलीपर्यंत जाते. दार लोटलेलं असतं, आणि बाहेर नवऱ्याच्या चपलांशेजारी लहान मुलाच्या चपला असतात. बाई मागे फिरते. त्यानंतरच्या शनिवारी ती स्टँडवरून पुढे जातच नाही. बाकावर बसते. डबा तिथल्याच एका म्हातारीला देते, दुकानातून बिस्किटं घेते. मग मनाशी घोकत बसते, ‘खोकला कमी आहे म्हणावं, की गेला म्हणावं?’ म्हातारी विचारते, “कुठं जायचं?” “घरी.” “गाडी लागलीय की.” “पुढच्यानं जाईन.”

तिथे गोष्ट संपत होती.

खोकल्याची ओळ मी पुन्हा वाचली. मला काहीच माहीत नव्हतं. आमच्या घरात कुणालाच नव्हतं. माझ्या सख्ख्या बहिणीचा संसार कधीचाच मोडला होता, आणि ते मला छापील पुस्तकातून, पाहुण्यांचं भाषण चालू असताना, दोनशे माणसांसमोर कळत होतं. समोर ताई बसली होती. सगळ्यांना वाटलेलं पुस्तक तिच्याही मांडीवर होतं. ती ते उघडत नव्हती, माझ्याकडे बघून हसत होती.

माझं नाव पुकारलं गेलं. मी उठले आणि बोलले. मास्तरांच्या छत्रीवर बोलले, बादलीतल्या पाण्यावर बोलले. हे पुस्तक वाचकावर विश्वास टाकतं, असं वाक्य मी आदल्या दिवशी लिहून ठेवलं होतं, तेही बोलले. शेवटच्या गोष्टीचं नाव घेतलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की मला यातलं काही माहीत नाही हे त्यांना ठाऊक होतं. इतक्या गोष्टी दाखवल्या आणि हीच दाखवली नाही.

मी स्टेजवरून उतरेपर्यंत ताई बाईंसमोर उभी होती, पुस्तक पुढे करून. “बाई, आमाला पन सही द्या.” आणि बाईंनी दिली. ‘सुमनला’ एवढंच लिहून खाली नाव घातलं. ताईनं ते पुस्तक पिशवीत जपून ठेवलं. मी म्हटलं, “ताई, तुझी प्रत माझ्याकडे राहू दे.” ती म्हणाली, “वा गो! तुझी तुला हाय की. मी आईला वाचून दावीन.” मग ती गाडीला निघून गेली.

हॉल रिकामा झाल्यावर मी बाईंना गाठलं.

“हे काय केलंत?”

“काय?”

“शेवटची गोष्ट. मला का नाही सांगितलंत?”

त्यांनी टेबलावर उरलेल्या प्रती एकावर एक रचल्या. मग म्हणाल्या, “तिनं ते मला सांगितलं होतं, शैला. तुला नाही. ते तुला मी कसं सांगणार? चहाडी झाली असती.”

“आणि छापलंत ते?”

“मी नाव घातलेलं नाही.”

“साडी घातलीत. डबा घातलात. खोकला घातलात! ती वाचायला शिकलेली आहे, बाई.”

“ते काढलं असतं तर गोष्ट उभी राहिली नसती,” त्या म्हणाल्या. आवाजात माज नव्हता, हेच जास्त वाईट होतं. त्यांना ते खरंच तसं वाटत होतं. “तूच सांग, ती गोष्ट वाईट झाली आहे का?”

ती पुस्तकातली सगळ्यात चांगली गोष्ट होती. मी निघून आले.

पुढच्या शनिवारी गावी पोचले तर आई दारात. “आज तुझी ताय गेली नाय गो. इचारलं तर बोलत नाय.” ताई मागच्या अंगणात भांडी घासत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “वाचलं.”

मी तिच्याजवळ बसले. “मला का नाही सांगितलंस, ताई?”

“तुला सांगितलं असतं तर तू कल्यानला भांडाया गेली असतीस. आईला कललं असतं.” तिनं राखेनं कढई घासली. “ती बाई कुनाची लागत व्हती? ना गावची, ना नात्यातली. वाटलं, हिच्यापाशी ऱ्हाईल. येकदा कुनाला तरी सांगायचं व्हतं गो.”

ते काही राहिलं नाही. गावातल्या शाळेच्या मास्तरांनी पुस्तक आणलं, त्यांच्या बायकोनं वाचलं, आणि आठ-पंधरा दिवसांत पिठाच्या गिरणीवर कुणीतरी ताईला विचारलं, “आज शनवार ना? नाय गेलीस ती स्टँडवर बसाया?” आईला तिथूनच कळलं. आई रडली नाही, भडकली. जावयावर नंतर, आधी ताईवर. “मी त्या मेल्याच्या खोकल्यापाई देवाला नारल बोलले! आनि त्याला पोर झालं तरी तू मला खोकलाच सांगतीस?” कितीतरी दिवस ती ताईशी बोलली नाही. घरात सगळ्यात वाईट जायचा तो शनिवार. दिवेलागण व्हायची, आणि ओट्यावर कुणी बसायचं नाही.

एका रविवारी ताईच म्हणाली, “मला त्या बाईकडं ने.” मी नको म्हटलं, पण तिनं ऐकलं नाही. आम्ही भातसानगरला गेलो. बाईंनी दार उघडलं, ताईला बघून एक पाऊल मागे सरल्या. पाणी दिलं. आम्ही तिघी त्यांच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत बसलो. बाई आपल्या रीतीनं गप्प, पण त्या दिवशी ताईसुद्धा गप्प बसली, आणि बाईंनाच आधी बोलावं लागलं.

“सुमन, तुला दुखवायचा माझा हेतू नव्हता.”

“तुमी लिवता बेस,” ताई म्हणाली. “मी दोनदा वाचलं. पन तुमी माझी गोष्ट अर्धीच लिवली.”

“म्हणजे?”

“मला स्टँडवर बसवून ठेवलं आनि तुमी निगून गेल्या. गाडी लागली व्हती, मी बसले का नाय? मी दर शनवारी घरी येत व्हते. येताना गाडीत बसून साहेबाचं बोलनं जुलवायचे, मद्रास्याचं जुलवायचे. आई हसायची. तुमी सोता ओट्यावर बसून हसलाय. ते का नाय लिवलं?”

बाई म्हणाल्या, “ते लिहिलं असतं तर ती वेगळी गोष्ट झाली असती.”

“हां,” ताई म्हणाली. “ती माझी झाली असती.”

ताई उठली, पाण्याचं भांडं स्वतः आत मोरीवर नेऊन ठेवलं, आणि आम्ही निघालो. बाई फाटकापर्यंत आल्या. माफी मागतील असं मला वाटत होतं. त्यांनी मागितली नाही.

शाळेत आम्ही त्यानंतरही एकाच टेबलाशी बसायचो. वेळापत्रक, पेपर, तुकड्या, एवढंच बोलणं. त्यांनी मला पुन्हा कधी कागद दाखवला नाही, आणि मी मागितला नाही. दोन-तीन वर्षांनी यजमान निवृत्त झाले आणि त्या नाशिकला गेल्या. निरोपसमारंभात मी हजर होते. बोलायला मला कुणीतरी सुचवलं, मी घसा बसल्याचं सांगितलं. दुसरं पुस्तक त्यांचं आलं नाही. का, ते मला ठाऊक नाही.

ताईनं भावजींशी काडी मोडून घेतली. पुढे ती गावातल्या अंगणवाडीत लागली. पोरं तिला सोडत नाहीत, कारण तोतरा साहेब आता त्यांना ऐकायला मिळतो. आई पुढे तिच्याशी बोलायला लागली होतीच. जाईपर्यंत ती ताईच्याच हातचं जेवली.

‘पलीकडचं पाणी’ माझ्या कपाटात आहे. वरच्या वर्गातल्या मुलींना मी छत्रीची गोष्ट अजून वाचून दाखवते, आणि दरवेळी वर्ग तसाच शांत होतो. इतकं कमी बोलून इतकं सांगणारं दुसरं पुस्तक माझ्या वाचनात नाही. हे मी त्या दिवशी स्टेजवर म्हटलं होतं, आजही म्हणेन. ‘शनिवार’ मी वाचून दाखवत नाही. मुलींनी आपल्या आपण वाचली तर अडवतही नाही. एकीनं मध्ये विचारलं, “बाई, ती बाई खरी होती का हो?” मी तिला सांगितलं, “गोष्ट आहे ती.” असं म्हणताना मला पाटणकर बाईंचाच राग आला. हे खोटंही त्यांनी माझ्या गळ्यात बांधलं होतं.

बाई गेल्याचं मला शहापूरच्या स्टँडवर, आमच्या जुन्या जाधव सरांकडून कळलं. त्यांनाही कुणाकडून तरी उडत उडत कळलं होतं. मी त्या शनिवारी गावी गेले. ताई ओट्यावर तांदूळ पाखडत होती. मी म्हटलं, “पाटणकर बाई वारल्या, नाशिकला.”

ताईच्या हातातलं सूप थांबलं. “काय झालं व्हतं?”

“माहीत नाही.”

“लई दिवस पडून व्हत्या का?”

“माहीत नाही गं.”

“जवल कोन व्हतं?” ताई माझ्याकडे बघत राहिली. “आनि तू इचारलं नाय?”

“नाही,” मी म्हटलं. “मला विचारावंसं वाटलं नाही.”

ताईनं सूप बाजूला ठेवलं. आत गेली, हात धुऊन आली आणि चप्पल पायात घातली. गावात फोन मास्तरांकडे होता. “त्या जाधव सरांचा नंबर दे,” ती म्हणाली. मी दिला. ती गल्लीतून ताडताड चालत गेली, आणि मी ओट्यावर बसून राहिले. तिच्या मागे जावं असं मला अजिबात वाटत नव्हतं.